बत्तीस कंबर

"श्वास सोड," मास्तर म्हणाले.

"सोडलाय."

"मग आवाज असा किरटा का येतोय?"

पँटच्या कारखान्यातल्या सॅम्पल रूमच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी पेटीवर बत्तीस हात पसरून उभा होता; कारखान्यात त्याला सगळे याच नावाने हाक मारत. मास्तरांची टेप त्याच्या कमरेभोवती होती आणि पोट त्याने होईल तेवढं पाठीकडे पाठवून दिलं होतं. मास्तरांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं, टेपवरचा आकडा अंगठ्याने झाकला आणि टेप काढून परत गळ्यात टाकली.

"ठीक आहे. बत्तीस," ते म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून छोट्या मॅडम आत आल्या. मोठ्या साहेबांची ही एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षापासून त्या कारखान्यात बसू लागल्या होत्या, आणि बसू लागल्या म्हणजे काय, एका जागी बसलेल्या त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुठीत एक राखाडी बोळा होता. हातरुमाल असावा असं दोघांनाही वाटलं. त्यांनी तो झटकला आणि त्याची पँट झाली.

"ही आपली नवी पँट," त्या म्हणाल्या. "हिच्यात डोंगर चढा, सायकल चालवा आणि तसेच ऑफिसात जाऊन बसा. भिजली तर लगेच वाळते, चुरगळत तर नाहीच. घालून बघा ना, बत्तीसकाका."

मास्तरांनी पँट दोन बोटांत धरून वजन पाहिलं. वजन काही लागेना. त्यांनी कापड ओढलं, ते रबरासारखं लांबलं आणि परत आपल्या जागी गेलं. दोन्ही पायांच्या मध्ये, जिथे बसताना पँट नेमकी दगा देते, तिथे जादा कापडाची कळी होती. एका खिशाला चेन होती. मग त्यांचा हात कमरेपाशी आला.

"हे काय?"

"इलॅस्टिक आहे मास्तर. टेप राहू द्या, हिला लागत नाही."

आपल्या कापडाच्या कात्रीने कोणी पुठ्ठा कापताना दिसावा तसा मास्तरांचा चेहरा झाला.

"इलॅस्टिक म्हणजे शिंप्याने हात टेकले," ते म्हणाले.

"लहान, मध्यम आणि मोठी. तीन मापांत सगळे बसतात," छोट्या मॅडम उत्साहाने सांगत होत्या. "मग ट्रायलला माणूस उभा करायची भानगडच नाही. दोन महिने वापरा काका. कामावर, घरी, बाहेर, सगळीकडे. लिहून काही नको, बाबांच्या समोर उभं राहून सांगा. बाबांना तुमच्याशिवाय कोणाचं पटत नाही. बत्तीस हो म्हणाला तर बाजारात काढू, नाही म्हणाला तर नाही, असं म्हणालेत ते."

त्या आल्या तशा गेल्या. त्या काय बोलून गेल्या हे त्यांना कळलं नव्हतं. पेटीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र नीट कळलं होतं.

या कारखान्यात टेपवर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. टेप लाकूड मोजते, पँट माणूस घालतो, असं मोठ्या साहेबांच्या वडिलांचं म्हणणं, आणि त्यांनी घालून दिलेला नियम असा की प्रत्येक मापाला एक जिवंत माणूस हवा. एके काळी अठ्ठावीस म्हणून फाटकावरचा पहारेकरी होता, छत्तीस हिशेबनीस आणि चाळीस कँटीनचा आचारी. चाळीस निवृत्त झाला त्या दिवशी मास्तर त्याच्या बायकोपेक्षा जास्त रडले होते. पुढे संगणक आला आणि एकाच मापावरून बाकीची मापं वाढवून-घटवून द्यायला लागला. तेव्हापासून माणूस एकच उरला. त्याला जी नीट बसेल ती बत्तीस, आणि बत्तीस ठरली की बाकी सगळ्या आपोआप ठरल्या.

तसा तो डिस्पॅचमधला कारकून. तीन भावंडांत मधला. शाळेत मधल्या बाकावर बसून मधले गुण मिळवले, आणि वर्गाच्या फोटोत मधल्या रांगेत उभा राहून तिथेही पुढच्याच्या डोक्यामागे गेला. अशा माणसाला एक दिवस मास्तरांनी खोकी मोजताना पाहिलं, काही न विचारता कमरेला टेप लावली आणि "अरे, हा तर साच्यातून काढलाय!" म्हणून ओरडले. मधलं असण्याचं कोणी कौतुक केल्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर रस्त्यात एखादा माणूस कंपनीची पँट घालून जाताना दिसला की हा उगाचच थोडं अंतर त्याच्या मागे चालत जाई. ही आपल्या अंगावर बेतली आहे, असं मनात येई आणि बरं वाटे. कारखान्यात त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आता तीन मापांच्या दुनियेत बत्तीस कुठे बसणार? पँट पास झाली की हा पुन्हा डिस्पॅचमधला कारकून, मधल्या रांगेतला. आणि ती पास करायची की नाही, हे त्यालाच सांगायचं होतं.

बायको मोटार चालवायला शिकवत असे. शिकवणीच्या गाडीत दुसरा ब्रेक आपल्या पायाशी असतो, हे ती घरातही विसरत नसे. तो नवी पँट घालून घरात शिरला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"ही कुठली?"

"नवी आहे. परीक्षेला दिलीय."

"वळा."

तो वळला.

"मागून छान दिसताय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मागची बाजू चर्चेला आल्याचं त्याला आठवेना. तो खुर्चीवर बसला. बसताना पँट कुठेच काचली नाही, याचा त्याला राग आला.

"ही नापास करायचीय मला," तो म्हणाला, आणि का ते त्याने सांगितलं.

तिने सुरी थांबवली. "म्हणजे पँट चांगली निघाली तर वाईट."

"हो."

"आणि वाईट निघाली तर चांगलं."

"हो."

"बरं. पण चूक दाखवल्याशिवाय मी कोणाला नापास करत नाही, माझा कितीही डोक्यात जाणारा विद्यार्थी असला तरी. तुम्हीही नाही करायचं. चूक शोधा."

हे त्याला पटलं. तो खोटारडा नव्हता. एवढ्या मोठ्या पँटमध्ये एक प्रामाणिक चूक सापडू नये, असं त्याला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने बस सोडली आणि अडगळीतली सायकल काढली. सायकलीच्या साखळीने आजवर त्याच्या कित्येक पँटचे उजवे पाय खाल्ले होते. या पँटच्या पायाशी एक बटण होतं. ते लावलं की पाय घोट्याला धरून बसे आणि साखळी उपाशी राहे. मग तो कालव्याकाठच्या काटेरी कुंपणाला घासून सायकल नेऊ लागला. त्याच्या हातावर ओरखडे आले, पँटला आले नाहीत. त्याने मांडीवर सूप सांडलं. ते मोत्यासारखं घरंगळून बुटात गेलं. कँटीनमध्ये एका खुर्चीला खिळा होता, तिच्यावर कोणी बसत नसे. तो सबंध आठवडा त्या खुर्चीवर बसून जेवला. शेवटी खिळा वाकला.

धुवून वाळत घातली तर दोरीवर बाकीचे कपडे वाळत घालून होईपर्यंत ती वाळलेली असे. म्हणून तो ती घालूनच कालव्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने वाट पाहिली. काठावरून चाललेल्या एका बाईने काही हरवलंय का म्हणून विचारलं. घरी पोचेपर्यंत फक्त त्याचे मोजे ओले होते.

एकदा मात्र चूक सापडली. चालताना सर्र सर्र असा आवाज येत होता. आवाज करणारी पँट ऑफिसात चालत नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्याला इतका आनंद झाला की त्याने बायकोला मुद्दाम रस्त्यावर नेलं आणि मागून चालायला सांगितलं. ती कान देऊन थोडं चालली.

"उजवा खिसा," ती म्हणाली.

उजव्या खिशात बिस्किटांचा पुडा होता.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला तो तीच घालून गेला. सासरे म्हणजे जावयाच्या कुठल्याच गोष्टीला बरं न म्हणणारा माणूस. त्यांनी आधी जावयाचा भांग पाहिला, मग शर्ट पाहिला, मग त्यांची नजर खाली आली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"पँट बरी आहे," सासरे म्हणाले, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना वळवून पँट पाहिली.

पाण्याच्या टाकीमागे एक डोंगर होता. राहायला आल्यापासून ते दोघं तो खिडकीतून पाहत होते. एका रविवारी तो एकटाच निघाला, तर बायको दारात बूट घालून उभी. "परीक्षेला परीक्षक दोन असावेत," ती म्हणाली. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली, तिला नाही. वर जाऊन तो खडकावर बसला, उकिडवा बसला, मांडी घालून बसला, एक पाय मानेपर्यंत नेण्याचाही प्रयत्न केला. पँटची कुठल्याच गोष्टीला हरकत नव्हती. बायकोने तिच्याकडच्या किल्ल्या त्याच्या चेनच्या खिशात ठेवल्या आणि दोघं खाली पसरलेलं गाव बघत बसली. मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हापासून घरात दोघंच होती, रोज संध्याकाळी समोरासमोर बसून जेवत होती. पण असं एका बाजूला तोंड करून बसायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी तो सुखी होता. पँटच्या विरोधात एक शब्दही मनात न आणता तो तासभर तसाच बसला.

पुढच्या रविवारीही ते गेले. त्याच्या पुढच्याही.

"अहो, चेहरा उतरलाय तुमचा," असं ती मध्येच एकदा म्हणाली. "काळजी फार करता."

तो काळजी करत होता हे खरंच होतं. दोन महिने संपत आले होते आणि हातात एक चूक नव्हती.

अशाच एका दिवशी मास्तर डिस्पॅचमध्ये दोघांसाठी चहा घेऊन आले. ते कधी सॅम्पल रूम सोडून येत नसत. एका खोक्यावर बसून त्यांनी विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे, मास्तर."

"किती चांगली?"

त्याने मान खाली घातली.

"सरकते म्हण," मास्तर म्हणाले.

"सरकत नाही हो."

"नाही सरकली तरी म्हण. इलॅस्टिक ढिलं पडतं, पँट खाली येते, असं सांग. मोठे साहेब बाकी कशाला भीत नाहीत, खाली येणाऱ्या पँटला भितात. इलॅस्टिकच्या कारखान्यात मला तरी काय काम उरणार? रबर ओढत बसू?"

"खोटं कसं बोलू? बत्तीस म्हणून माझ्या शब्दाला काही—"

"तू बत्तीस नाहीस."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "तुझी पोरगी शिकायला गेली आणि तुम्ही नवरा-बायको रोज एकत्र जेवायला लागलात ना, तेव्हापासून नाहीस. दर हंगामाला तुला पँट कमरेत घट्ट व्हायची, दर हंगामाला मी कागदी पॅटर्न जरासा मोठा कापायचो. तुला होते ती बत्तीस, हा नियम. मी नियम पाळला."

"मग सगळ्या पँटी..."

"सगळ्या. तू फुगलास तशी कंपनी फुगली."

रस्त्यात ज्यांच्या मागे मागे तो अभिमानाने चालला होता ते सगळे बत्तीसच्या डोळ्यांपुढून गेले. "आणि कोणी तक्रार केली नाही?"

"कोण करणार? चौतीसचा माणूस दुकानात जातो, बत्तीस मागतो, ती त्याला होते. तो खूश होऊन दोन घेतो. मोठ्या साहेबांचंच बघ. सत्तरी ओलांडली, अजून बत्तीसच घालतो, असं दर वर्षी भाषणात सांगतात. आपण टाळ्या वाजवतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतो? तुझ्या जागी दुसरा आणायचा म्हणजे त्याच्याशी पहिल्यापासून बोलायला सुरुवात करायची." मास्तरांनी कपाच्या तळाशी पाहिलं. "या वयात तेवढा दम नाही माझ्यात."

रिकामा कप परत देताना बत्तीस म्हणाला, "सरकते म्हणेन."

ठरल्या दिवशी मोठ्या साहेबांची खुर्ची सॅम्पल रूममध्ये आणून ठेवली. साहेब ताठ बसले होते. त्यांच्या पँटच्या घडीवर कागद कापता आला असता. बाजूला छोट्या मॅडम उभ्या होत्या, त्या दिवशी कधी नव्हे त्या गप्प. मास्तर शिलाई मशीनपाशी उभे राहून बत्तीसकडे बघत होते.

"आधी आपली जुनी घाल," साहेब म्हणाले. "मग ती नवी. आपलं काय आहे ते आधी डोळ्यांसमोर असू दे."

पडद्यामागे खुंटीला या हंगामाची जुन्या पद्धतीची पँट लावलेली होती. जाड कापडाची, कडक इस्त्रीची, दोन महिन्यांपूर्वी त्याच्याच अंगावर बसवलेली. त्याने ती चढवली, हूक लावला, चेन ओढली आणि हात सोडले. पँट खाली गेली. हूक लावायचा राहिला वाटतं, असं म्हणून त्याने ती वर ओढली. हूक लागलेला होता.

मग त्याच्या लक्षात आलं. सायकल, कालवा, डोंगर, खिळ्याच्या खुर्चीवर घाईघाईने उरकलेली जेवणं. दोन महिने तो रोज थोडाथोडा उतरत होता, आणि ती राखाडी पँट त्याच्याबरोबर गपचूप आवळत आली होती. बाकी सगळं सोसलं तसं तिने हेही सोसलं होतं आणि त्याला एका शब्दाने कळवलं नव्हतं.

तो बाहेर आला. एक हात मागे होता.

"मागे काय धरलंयस?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब."

"मग दोन्ही हात पुढे घे."

त्याने दोन्ही हात पुढे घेतले. पँट सरळ खाली आली आणि इस्त्री इतकी कडक होती की ती त्याच्या घोट्यांभोवती क्षणभर उभीच राहिली. बाहेरच्या हॉलमधून मशीनींचा आवाज येत होता.

"मास्तर, ही बत्तीस आहे?"

"बत्तीस आहे साहेब."

"आणि हा बत्तीस आहे?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

साहेब खुर्चीतून उठले, वाकले, पडलेल्या पँटची कमर उलटी करून आतला आकडा वाचला आणि सरळ झाले. मग त्यांचा अंगठा हळूच स्वतःच्या पँटच्या कमरेत शिरू लागला, आत जागा आहे का ते बघायला. जागा नव्हती. अंगठा अर्धाच गेला आणि अडला. साहेब तसेच उभे राहिले. त्यांची नजर समोरच्या सडपातळ कमरेवरून आपल्या कमरेकडे आली, पुन्हा समोर गेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब सुरू झाल्याचं सगळ्यांना दिसलं. छोट्या मॅडम भिंतीकडे बघायला लागल्या. काही झालं तरी तो त्यांचा बाप होता.

"टेप द्या इकडे," साहेब म्हणाले.

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथेच थांबला.

"टेप नको साहेब," बत्तीस म्हणाला. तो अजून पँटच्या रिंगणात उभा होता. "मीच बिघडलोय."

"बिघडलोय म्हणजे?"

"उतरलोय साहेब. खूप उतरलोय. तिशीवर आलो असेन. या दोन महिन्यांत सायकल काय, डोंगर काय, नको ते नाद लागले. पँट बरोबर आहे, माझंच माप चुकलं. मी आता बत्तीस नाही."

हे वाक्य बोलायला त्याला वाटलं होतं त्याहून जास्त दम लागला.

साहेबांनी अंगठा बाहेर काढला. चेहरा सैल झाला, खांदे पुन्हा ताठ झाले.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "माणसाने शरीर एका मापात ठेवावं. माझ्याकडे बघ."

"हो साहेब."

मास्तर खाली बसून फरशीवरच्या टाचण्या गोळा करायला लागले. फरशीवर टाचण्या नव्हत्या.

"जुना पॅटर्न आहे तसाच राहू द्या, मास्तर. त्याला आता कोणी हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "आणि ती नवी? तिचं काय?"

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. मास्तरांना दिलेला शब्द बत्तीसला आठवत होता. पण घोट्याभोवती जुनी पँट घेऊन उभ्या असलेल्या माणसाने नवी सरकते म्हणून कसं सांगायचं? आणि सरकत तर ती खरंच नव्हती.

"साहेब, परवा कामावर निघताना ती पँट मला सापडेना," तो म्हणाला. "मी कपाट उपसलं, दोरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. बायकोवरही ओरडलो. तर ती म्हणाली, अहो, घातलीय की."

मोठे साहेब हसले. ते हसले म्हणून छोट्या मॅडम हसल्या, आणि मग दाराआड कान लावून बसलेली दोन-चार माणसंही. "काढा," साहेब म्हणाले. "लहान, मध्यम, मोठी, काय ते तुमचं. काढा."

सगळे गेल्यावर मास्तरांनी दार लावून घेतलं.

"पेटीवर चढ."

"आता कशाला?"

"चढ म्हणतो ना."

त्यांनी टेप त्याच्या कमरेभोवती गुंडाळली, दोन्ही टोकं जुळवली आणि चष्मा वर केला. मग त्यांनी टेप काढली आणि दुसऱ्यांदा लावली. दोघांनीही आकडा पाहिला. बत्तीस. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्या दिवशी खोक्यांपाशी लावली होती तेव्हा भरली होती तेवढीच.

"मास्तर, म्हणजे मी आज—"

"गप्प बस," मास्तर म्हणाले. त्यांना टेप गुंडाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. "बाहेर आवाज जातो."

संध्याकाळी बायको शिकवणीची गाडी घेऊन फाटकाशी आली होती. त्याने सायकल मागे बांधली आणि शिकाऊ माणसाच्या जागेवर बसला, म्हणजे स्टीअरिंगपुढे. ती त्याला कधीच चालवू देत नसे, पण त्या दिवशी ती शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसली.

"पास की नापास?"

"पँट पास. मी नापास."

"चूक काय दाखवली?"

"बारीक झालो."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, आधी चेहरा, मग कमर. आत्तापर्यंत तिच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, ती हसली नाही.

"बत्तीस गेलं म्हणायचं," ती म्हणाली.

"गेलं."

"वाईट वाटतंय?"

"खूप."

तिने त्याचा हात गिअरवर नेऊन ठेवला आणि आपला त्यावर ठेवला. "रविवारी लवकर निघू या," ती म्हणाली. "ऊन लागतं वर."

दुसऱ्या दिवशी तो डिस्पॅचमध्ये खोकी मोजत होता. अंगात राखाडी पँट होती, आत मध्यम अशी चिठ्ठी होती. नव्या मालासाठी जागा करायची असल्यामुळे सकाळपासून धावपळ होती. मागून दारातून कोणीतरी एका नावाने हाक मारली. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. नवीन माणूस कोणी लागलाय वाटतं, असं म्हणून त्याने मान न वळवताच सांगितलं, "इथे नाहीत ते," आणि पुढचं खोकं ओढलं.

मास्तर दोन हातांत चहाचे दोन कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं, या वेळी जरा हळू.